एका पानावर दोघं

पेशंट खोटं बोलतात, हे मी अकरा वर्षांच्या अनुभवावर छातीठोक सांगू शकते. "दोनच इडल्या खाल्ल्या मॅडम" म्हणणारा माणूस चार हाणून आलेला असतो. कॉफीत साखर "अगदी नावाला" म्हणजे दोन भरगच्च चमचे. कुंभकोणमला महामहम तळ्याजवळच्या एका हॉस्पिटलात मी आहारतज्ज्ञ आहे. माणसाला दिवसाला किती कॅलरी लागतील याचा अंदाज बांधायचा आणि तेवढंच त्याच्या पोटात जातंय ना ते बघायचं, हे माझं काम. अंदाज बांधणं सोपं असतं. वय, उंची, वजन घातलं की आकडा येतो. पोटात खरोखर काय गेलं ते काढून घ्यायला मात्र पोलीस व्हावं लागतं, आणि खरं सांगू का, मला पोलीस व्हायला आवडायचं. त्या हौसेपायी मी विशालाक्षीकाकूंसारख्या बाईला रडवलं.

काकू मूळच्या इन्नंबूरच्या. त्यांचे यजमान सेतुराव चौतीस वर्षं टाऊन बसवर कंडक्टर होते. कुंभकोणम, स्वामीमलै, इन्नंबूर आणि परत. लग्नानंतर काकू माहेरी जायच्या त्या नवऱ्याच्याच बसनं, आणि तेही बिनदिक्कत बायकोच्या हातात तिकीट फाडून द्यायचे. बसमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काकू घरी सांबार पूड आणि डांगराचं पीठ करून विकतात. त्यांची पूड एकदा वापरली की दुसरी चालत नाही, हे माझं नाही, अर्ध्या गावाचं म्हणणं आहे.

आम्ही दोन्ही घरं मराठी. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. बाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. मी शिकायला पुण्यात राहिले, तिथे मैत्रिणी माझं बोलणं ऐकून "पोथी वाचतेयस का गं?" म्हणायच्या. सहा वर्षांत त्यांनी मला पार धुऊन काढलं. काकूंचं मराठी मात्र अजून तसंच आहे. त्या "मला" म्हणत नाहीत, "मज" म्हणतात.

गेल्या वर्षी जुलैत दोघं माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा सेतुकाकांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. मुलगी कविता होसूरला, तिनं ताबडतोब स्वतःची किडनी देऊ केली, पण तिलाच साखर निघाली. उरल्या काकू. रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं, एक वजन सोडून. तिरुचीच्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाईंचं वजन चौऱ्याहत्तर आहे, एकोणसत्तरच्या आत आणा. आणि यजमान चोपन्न किलो आहेत, ते पन्नासच्या खाली गेले तर आम्ही हात लावणार नाही. मुदत पोंगलपर्यंत. म्हणजे जानेवारी.

"एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मी कमी खातें, ते नीट खातील. होऊन जाईल."

मी कागद पुढे ओढला. काकू अठ्ठावन्न वर्षांच्या, उंची पाच फुटांना जेमतेम टेकलेली. नुसतं श्वास घेत पडून राहिल्या तरी शरीराला बाराशे एकोणचाळीस कॅलरी लागतील. घरातलं काम धरून सतराशे पस्तीस. त्यातून पाचशे कमी केल्या की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतं. आकडा ठरला, बाराशे पस्तीस. काकांचा हिशेब उलटा. डायलिसिसमध्ये शरीर झिजतं, तिथे पोटाला मारून चालत नाही. किलोमागे तीस धरून चोपन्न किलोंना सोळाशेवीस. दोघांना एकेक वही दिली, मापाची एक वाटी दिली आणि रकाने आखून दिले. इंग्रजी फॉर्म मी स्वतःच मराठीत केला होता. पहिल्या रकान्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "पानात काय वाढलं".

महिन्यानं वह्या आल्या. दोन्ही काकूंच्याच अक्षरात, कारण काकांचा हात थरथरतो. काय वही होती म्हणून सांगू! चमचाभर तेलसुद्धा सुटलेलं नाही. बेरीज केली, काकू बाराशेतीसच्या आसपास, काका सोळाशेच्या. मी खूश. मग काट्यावर उभं केलं. काकू फक्त तीनशे ग्रॅम उतरलेल्या, आणि काका डायलिसिसनंतरच्या वजनात दीड किलोनं कमी.

"होतं असं पहिल्या महिन्यात," मी म्हटलं. दुसऱ्या महिन्यात काकू पुन्हा होत्या तिथेच आल्या. काका एक्कावन्न.

आमचे किडनीचे डॉक्टर रविशंकर शांत माणूस. त्यांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "आणखी एक किलो गेला तर तिरुचीवाले नाव काढून टाकतील. मग डायलिसिसवर किती दिवस काढतील, मी सांगू शकत नाही." त्यांनी काकूंचं थायरॉईड तपासून घेतलं होतं, सूज बघितली होती, सगळं ठीक होतं. म्हणजे गडबड खाण्यातच. माझं डोकं फिरलं. इकडे नवरा विरघळत चाललाय आणि ही बाई मला वही दाखवतेय!

काकूंना केबिनमध्ये एकटीला बसवलं आणि तोफ डागली. "काकू, तुम्ही चोरून खाता. आकडे खोटं बोलत नाहीत. तुम्ही खाता ते खाता, आणि काकांच्या वहीत नुसतं लिहिता. जेवत नाहीत ते. कुणाला फसवताय? मला? किडनी मला बसवायची आहे का?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "पवित्रा, मी लटकें लिहीत नाहीं गं," एवढंच म्हणाल्या, आणि दोन्ही वह्या पिशवीत घालून उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "मजपेक्षां कोणास पडली असेल सांग." मी पुढच्या पेशंटला हाक मारली. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तरी माझी खोड जाते कुठे! रविवारी बरोबर बारा वाजता मी सांबार पुडीचं निमित्त करून त्यांच्या घरी धडकले. सारंगपाणी कोविलाच्या, म्हणजे देवळाच्या, मागच्या गल्लीत चिंचोळं लांबच लांब घर आहे, शेवटी परसात केळी. मनात एकच, आज रंगेहाथ पकडायचं. काकूंनी दार उघडलं, मला बघून तोंडभर हसल्या, जणू काही मी त्यांना काही बोललेच नव्हते. "आलीस? पान मांडतें." झालं, मी आणखीच शरमले.

काकांना आणि मला शेजारी शेजारी बसवलं. केळीची पानं, आंबट वरण, भोपळ्याची भाजी, मीठ जवळजवळ नाहीच. काकू मापाच्या वाटीनं काकांना भात वाढत होत्या, सपाट भरून, बोटानं वरचा भाग सारखा करून. दोन वाट्या. त्यावर तूप. मी मनात मोजत होते, सगळं बरोबर. काका सावकाश जेवत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की त्यांनी तुपाचा भात पानाच्या डाव्या अंगाला सारून ठेवलाय, न कालवता, नीट. भाजीतलीही निम्मी तिकडेच. मग त्यांनी ताक घेतलं, हात जोडले आणि भिंतीला धरून उठले.

आणि काकू भाताचं भांडं घेऊन आल्या, काकांच्या त्याच पानावर बसल्या. वाटीनं मोजून स्वतःचा भात उजवीकडे वाढून घेतला. अगदी माझ्या कागदात होता तेवढाच. त्या जेवायला लागल्या. आधी डावीकडचा भात, मग उजवीकडचा.

माझा घास हातातच राहिला. "काकू, हा डावीकडचा भात कुणाचा?"

"त्यांच्या पानांतला गं."

"तो वहीत लिहिता?"

"लिहिलाय कीं. त्यांच्या वहींत. बारा वाजतां दोन वाट्या भात, तूप, भाजी."

"आणि तुम्ही तो खाता ते?"

काकूंना प्रश्नच कळेना. "ते कां लिहायचें? माझ्या जेवणाचें मी लिहितें. हें तर त्यांचें पान."

कपाळाला हात लावायचा तर हात उष्टा. मी डाव्या हातानं फोन काढला. वह्यांतले दोघांचे आकडे मिळवले तर दोन हजार आठशेतीस. त्या घरात शिजलेलं अन्न बिनचूक तेवढंच होतं, कणभर इकडे तिकडे नाही. काका त्यातलं जेमतेम साडेअकराशे खात होते. राहिलेले साडेचारशे रोज काकूंच्या पोटात जात होते. त्यांचे स्वतःचे धरून सोळाशेऐंशी, आणि काकूंच्या शरीराला आहे ते वजन टिकवायला जवळजवळ तेवढेच लागत होते. बाई खोटं बोलत नव्हती. मी आखलेल्या रकान्यात पानात काय वाढलं तेच विचारलं होतं, पोटात काय गेलं ते विचारलंच नव्हतं. आणि हे मला सुचू नये? माझी स्वतःची आजी, मरुदानल्लूरची, आजोबांच्या पानावर जेवायची. मी लहानपणी रोज बघितलंय. पुण्यात धुऊन निघाले त्यात हेही गेलं.

"उद्यापासून दोन पानं," मी हुकूम सोडला. "काकांचं वेगळं, तुमचं वेगळं. त्यांच्या पानातलं तुम्ही घ्यायचं नाही."

"तें होणार नाहीं," काकू म्हणाल्या. इतक्या शांतपणे म्हणाल्या की मी चमकलेच.

"का होणार नाही? सोवळ्याचं काही आहे का?"

"सोवळें कसचें गं!" त्यांनी काका ओसरीवर गेलेत ना बघितलं आणि आवाज खाली घेतला. "मी या घरीं आलें तेव्हां अठरांची होतें. सासूबाई सुब्बलक्ष्मी, देव त्यांचें भलें करो, सगळ्यांस वाढायच्या, मज शेवटीं. तोंवर भांड्यांत खरवड आणि ताकाचें पाणी. इन्नंबुरास आमच्या शेतांत भात पिकायचा, मज भुकेची सवय नव्हती. पहिले आठ दिवस मी विहिरीपाशीं जाऊन रडायचें. नवव्या दिवशीं यांनीं आईस म्हटलें, आणखी वाढ. आणखी वाढ, तूप वाढ. आणि मग तसेंच टाकून उठले. मी पानावर बसलें तर डाव्या बाजूस तुपाचा भात, न कालवलेला. भाजी. पापडही एक, अख्खा अप्पळम. दुसऱ्या दिवशींही तसेंच. सासूबाई ओरडायच्या, पान टाकतोस, अन्न टाकतोस, माजलास कां? हे ऐकून घ्यायचे. सोळा वर्षें ऐकून घेतलें, त्या जाईपर्यंत."

"मग काका काय म्हणाले तुम्हाला?"

"कधीं कांहीं नाहीं. मीही विचारलें नाहीं. त्या गेल्यावर भांडीं माझ्या हातीं आलीं, तरी ते टाकतच राहिले आणि मी खातच राहिलें. आतां सांग, त्यांनीं मजसाठीं ठेवलेलें मी टाकून देऊं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मुकाट्यानं मिरचीवर ढकललं. काकूंच्या स्वयंपाकात त्या दिवशी मिरचीच नव्हती.

"टाकून दे," मागून आवाज आला. सेतुकाका दारात उभे होते, चौकटीला धरून. ओसरीवरून सगळं ऐकू जातं, चिंचोळं घर ते. "अगे, तें तुजसाठीं ठेवलेलें नाहीं."

काकू वळून बघायला लागल्या.

"पहिल्यानें ठेवायचों. खरेंच ठेवायचों," काका खाली बघत म्हणाले. "पण हें डायलिसिस लागल्यापासून मज अन्न उतरत नाहीं. दोन घांस गेले कीं पोट नको म्हणतें. सांगितलें तर तूं घाबरशील. म्हणून डावीकडे सारतों. तुज वाटेल, सवयीनें ठेवलें. मी तुज फसवलें."

"आणि मज भूक नसतांही मी खायचें," काकू म्हणाल्या. "तुम्हांस वाटूं नये, हिनें माझें ठेवलेलें टाकलें."

बघा म्हणजे! किलोचा हिशेब मी दोन महिने मांडत बसले होते आणि हा असा हिशेब त्या पानावर चालला होता. काकू उठून गेल्या आणि हात धुवायच्या निमित्तानं न्हाणीघरात बराच वेळ पाणी ओतत राहिल्या. सेतुकाका मला म्हणाले, "काय करायचें तें सांग. मी खाईन."

मग खरं काम सुरू झालं. दोन वेळचं जेवण मोडून काकांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. लिंबू पिळून, जिरं भाजून घालून, मिठाशिवाय तोंडाला चव येईल असं. काकूंनी त्यात जीव ओतला. मला फोनवर विचारून विचारून हैराण केलं, धने चालतील का, सुंठ चालेल का, आमसूल किती. स्वतः रोज सकाळी महामहम तळ्याला तीन फेऱ्या मारायच्या. वहीचा रकाना मी बदलला. आता वर लिहिलं होतं, "कोणी किती खाल्लं".

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. "पवित्रा, आज त्यांनीं पान पुसून खाल्लें."

"वा! शाब्बास म्हणावं!" मी ओरडलेच.

तिकडून नुसतं मुसमुसणं. "मज भय वाटतें गं. चाळीस वर्षांत त्यांचें पान असें रिकामें बघितलें नव्हतें. त्यांत माझें कांहीं उरलेंच नाहीं."

माझ्या तोंडावर आलं होतं, अहो तुमचं वेगळं पान आहे ना, रडता काय! पण तोंड आवरलं, जे मला सहसा जमत नाही. संध्याकाळी सेतुकाका डायलिसिसला आले तेव्हा त्यांना हळूच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा दोन्ही पानं एका ओळीत मांडलेली होती. काकांचं जेवण आधी संपलं. हात वाळत आला तरी ते उठले नाहीत. काकूंचा शेवटचा घास होईपर्यंत तिथेच बसून राहिले, पाठ दुखत असताना, आणि मग दोघं एकदम उठली. आमच्याकडे त्या वयाचा पुरुष बायकोसाठी पानावर थांबलेला मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

ऑक्टोबरात काकू बहात्तर, नोव्हेंबरात एकाहत्तरच्या खाली. डिसेंबरात काकांना ताप आला आणि त्यांचं वजन पुन्हा घसरून पन्नासवर आलं, पन्नास आणि वर फक्त दोनशे ग्रॅम. ते दहा दिवस आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मी घरी नवऱ्याशी, भाजीवालीशी, सगळ्यांशी भांडत होते. काकू मात्र भांडल्या नाहीत. दर दोन तासांनी वाटी आणि चमचा घेऊन त्यांच्या खाटेशी बसायच्या.

पोंगलच्या आधीच्या आठवड्यात आम्ही तिरुचीला गेलो. माझ्या येण्याची काही गरज नव्हती, पण माझ्यानं राहवेना. काकू काट्यावर चढल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. अडुसष्ट किलो सहाशे. मग काका. एक्कावन्न. डॉक्टर काहीतरी इंग्रजीत बोलत होते, मी ऐकतच नव्हते. कागदावर सही झाली, पंधरा दिवसांनंतरचा गुरुवार ठरला. तो गुरुवार नीट पार पडला, वर्ष होत आलं, आणि काकूंची किडनी काकांच्या पोटात व्यवस्थित काम करतेय. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं, हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधलं.

ऑपरेशननंतरचे नियम छापलेला कागद मिळाला होता. दोघं जेवत होती, मी समोर बसून इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवत होते. उघड्यावरचं नको, कच्चं नको, पाणी उकळून. आणि मग एका ओळीवर मी अडखळले. "काका, हे नीट ऐका. ऑपरेशन झालं की औषधांनी शरीराची ताकद मुद्दाम कमी ठेवणार. त्यामुळे कुणाचं उष्टं खायचं नाही. कुणाच्या पानातलं, कुणाच्या पेल्यातलं, काहीच नाही. आयुष्यभर."

"हिचेंही नाहीं?"

"काकूंचंही नाही."

सेतुकाकांचं पान रिकामं झालं होतं. काकूंच्या पानात अजून मापून घेतलेला भात होता, निम्माअधिक. काकांनी आपलं रिकामं पान बाजूला सारलं.

"अगे," ते म्हणाले, "मज अजून भूक आहे. तुझ्यांतलें थोडें देतेस?"

सबंध आयुष्यात त्यांनी तिच्याजवळ हे कधी मागितलं नव्हतं. काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खरं तर ओरडायला हवं होतं, पंधरा दिवस दोघांचंही वजन ग्रॅमग्रॅमनं सांभाळायचं होतं. मी कागदाची घडी घातली आणि पाण्याचा पेला आणायला उठले. परत आले तेव्हा काकूंनी आपलं पान दोघांच्या मधे सरकवलं होतं, आणि दोघं त्यात एकाच वेळी जेवत होती.